लहानूने खोली राखली

एका डोंगराकडच्या गावात लहानू नावाचा एक भोळा होता. भोळा म्हणजे किती, तर कुणी 'जरा थांब' म्हटलं की संध्याकाळपर्यंत तिथेच उभा. त्याला बदलापुरात बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो भामाआत्याकडे राहायला आला. आत्याच्या एका खोलीत आधीच पाचजण. तिकडे गावात त्याची नवी नवरी सगुणा वाट बघत बसलेली. तो निघतानाच तिने बजावलं होतं, "पाडव्यापर्यंत खोली बघा. नाहीतर मी माहेरी जाईन ती कायमचीच." लहानूचा तिच्यावर फार जीव. तो लगेच खोली शोधायला निघाला.

पहिल्या मालकिणीने विचारलं, राहणार किती जण? लहानू बोटं मोजू लागला. आपण, सगुणा, दिवाळीला सासूबाई, दवाखान्यासाठी येणारे दोन मेव्हणे, गावचे पाहुणे. हाताची बोटं संपली, तेव्हा त्याने चपला काढल्या. मालकिणीने दार लावून घेतलं.

आत्याने कपाळावर हात मारला. म्हणाली, "लहान्या, घरमालकाने विचारलं की आकडा कमी सांगावा."

लहानूने ते पक्कं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या मालकाने विचारलं, किती दिवस राहणार?

"दोन," लहानू म्हणाला.

ही काय धर्मशाळा वाटली का, असं म्हणून मालकाने त्याला जिना दाखवला. आत्याने पुन्हा समजावलं, की अरे, खोली मागायची तर पाय रोवून राहणारा माणूस दिसला पाहिजे. हेही लहानूने ध्यानात ठेवलं.

तिसरे मालक निवृत्त मास्तर होते. त्यांचा आधीचा भाडेकरू खोली सोडेना, म्हणून बिचाऱ्यांनी चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आता करार अकराच महिन्यांचा, असं ते घाबरत घाबरत सांगत होते. लहानूने खोलीच्या मधोमध सतरंजी अंथरली आणि मांडी घातली.

"मास्तर, आता मी मरेपर्यंत इथून हलत नाही."

मास्तरांना दरदरून घाम फुटला. शेजारचे चौघे धावत आले आणि त्यांनी लहानूला सतरंजीसकट उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवलं.

पाडवा दोन दिवसांवर आला. लहानूला रडूच कोसळलं. तेव्हा आत्या स्वतः उठली, त्याला घेऊन मोघेकाकांकडे गेली आणि नव्या जोडप्यासाठी खोली ठरवूनच परतली. वाटेत तिने हात जोडून सांगितलं, "आता तुझं डोकं चालवू नकोस. काका सांगतील तेवढंच पाळ."

काकांची अटही एकच होती. मागच्या भाडेकरूने खोली घेतली आणि तिथे राहून गेले भलतेच लोक. म्हणून ते किल्ली देताना म्हणाले, "कुणी सामानसुमान घेऊन आलं, तर दारातूनच परत पाठवायचं. सगळे नातंच सांगतात. ऐकायचं नाही."

पाडव्याला लहानूने खोली झाडली, दाराला तोरण बांधलं. नव्या घरात दूध उतू घालायचं, म्हणून पातेलं गॅसवर ठेवलं आणि दारात उभा राहिला. सगुणा आली. नवी साडी, केसांत गजरा, डोक्यावर ट्रंक. लहानूला आनंद झाला. मग त्याची नजर ट्रंकेकडे गेली.

ती पुष्कळ बोलली. आधी हसून, मग चिडून, मग रडून. लहानूच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने दार लावून घेतलं. आत दूध छान उतू गेलं. संध्याकाळी मोघेकाका आणि काकू नव्या नवरीला कुंकू लावायला वर आले, तर खोलीत लहानू एकटाच.

"काका, काळजी नको," तो छाती पुढे काढून म्हणाला. "एक बाई ट्रंक घेऊन आली होती. पाठवली परत."

"कोण होती?"

"माझी बायको," लहानू म्हणाला. "पण काका, नातं तीसुद्धा सांगत होती."