वाटी बुडेपर्यंत

फार पूर्वी, उंच कड्यावर वसलेल्या एका राज्यात एक रीत होती. युवराजाच्या ताटातला पहिला घास दरबारातल्या एका मानकरी बाईने खायचा. मग पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडायची. वाटीच्या तळाला बारीक भोक असे. त्यातून पाणी आत शिरून वाटी बुडेपर्यंत बाईला काही झाले नाही, म्हणजे अन्न निर्धोक. त्यानंतरच युवराजाने जेवायचे.

हे काम कमळजा नावाच्या बाईकडे होते. युवराजाची आई तो पाळण्यात असतानाच वारली होती आणि राजा बहुतेक वेळ मोहिमांवर असे. भुकेल्या पोराला वाटीकडे बघत बसवणे कठीणच. म्हणून कमळजा तेवढ्या वेळात त्याला एक गोष्ट सांगे. गोष्ट रंगात आली, की युवराज बोटाने वाटी हळूच वर उचलून धरी आणि म्हणे, "मावशी, अजून बुडाली नाही हं." भात निवून जाई. त्याचे दोघांनाही काही वाटत नसे. कमळजेला मूलबाळ नव्हते. काम जिवावरचे होते, पण तिच्या दिवसातला सुखाचा वेळ तोच होता.

युवराज थोडा मोठा झाला, तसे राजाने त्याला शस्त्रविद्या शिकायला दूरच्या ठाण्यावर पाठवायचे ठरवले. निघायच्या दिवशी जेवताना युवराजाने चार घास खाल्ले आणि पोट धरून तो जमिनीवर लोळू लागला. धावपळ उडाली. वैद्याने नाडी पाहिली आणि तो बुचकळ्यात पडला. राजा स्वतः आला. कमळजेने तोच भात खाल्ला होता आणि तिला काहीही झाले नव्हते. रडता रडता पोराने बोटांच्या फटीतून तिच्याकडे पाहिले, तेव्हा तिला सारे कळले. त्याला तिला सोडून जायचे नव्हते, एवढेच.

राजाने विचारले, "कमळजा, तू हेच खाल्लंस ना? तुला काही झालं?"

नाही म्हणावे, तर युवराज सगळ्यांदेखत खोटा पडणार. राजाचा राग भयंकर होता, पोटच्या पोरालाही त्याने फटक्यांतून सोडले नसते. शिवाय पोर आजच डोळ्यांआड होणार, हेही तिच्या मनात आले. ती म्हणाली, "माझ्याही जिभेला चुरचुरलं, महाराज."

तिला वाटले, फार तर आचाऱ्याला कामावरून काढतील. आचाऱ्याचे नाव नागू. युवराजाला आवडते म्हणून पातेल्याच्या तळाची खरपुडी तो रोज वेगळी काढून ठेवी. राजाने हुकूम दिला, की दिवस मावळताना नागूचा कडेलोट करावा.

हे ऐकून युवराज अंथरुणातून उठला आणि कमळजेकडे आला. तिचा पदर धरून म्हणाला, "मावशी, मी बाबांना खरं सांगतो. नागूकाका ओरडतोय."

अजून दिवस मावळायचा होता. कमळजेने दाराला कडी घातली.

"कुठंही जायचं नाही," ती म्हणाली. "आता सांगितलंत तर आपण दोघंही संपलो. रडू नका, बाळराजे. निजा. उद्या उठलात की काही आठवणार नाही."

"खरंच?"

"खरंच. मोठी माणसं असंच करतात."

मग तिने त्याला मांडीवर घेतले आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. बाहेरचा आवाज थांबेपर्यंत ती गोष्ट वाढवत राहिली.

वर्षे गेली. युवराज ठाण्यावरून शिकून परतला आणि पुढे राजा झाला. तसा तो वाईट राजा नव्हता. कमळजेला त्याने मानाने वागवले. ती म्हातारी झाली, दात पडले, तरी पहिला घास तिचाच. कधी फार थकलेला असला, तर तो अजूनही म्हणे, "मावशी, एखादी सांग."

एकदा शेजारच्या राज्याचा वकील सरहद्दीवरची गावे परत मागायला आला. त्याची बाजू खरी होती. राजाने त्याला पंक्तीला बसवले. कमळजेने राजाच्या आणि पाहुण्याच्याही ताटातले सगळे अन्न चाखले, वाटी बुडाली, सगळे जेवले. जेवण झाल्यावर राजाने स्वतःच्या हाताने वकिलाला विडा दिला. विडा चाखायची रीत नव्हती. वकील तिथेच कोसळला आणि मेला.

वकिलाचे सैन्य पायथ्याशी होते. त्यांनी निरोप पाठवला, की मारेकरी आमच्यासमोर कड्यावरून लोटा, नाहीतर युद्ध. दरबार भरला. अन्न चाखणाऱ्या बाईवर संशय घेणे सगळ्यांत सोपे होते. प्रधानाने राजाला विचारले, "महाराज, आपण समोरच बसला होतात. या बाईनं घास खरंच गिळला का?"

कमळजा विड्याबद्दल बोलली नाही. तिने फक्त राजाकडे पाहिले. त्याच्या एका शब्दावर तिचा जीव होता.

राजा म्हणाला, "गिळताना मी पाहिलं नाही."

दुपारी राजा एकटाच तिच्या कोठडीत गेला आणि तिच्या पायांशी बसला. त्याचे डोळे सुजले होते.

"असं कसं केलंत, बाळराजे?" तिने विचारले.

"युद्ध झालं असतं, मावशी. आणि राज्यही गेलं असतं." मग लहानपणी विचारायचा तशा आवाजात तो म्हणाला, "तूच सांगितलं होतंस ना, उद्या उठलं की काही आठवत नाही? ते खरं आहे गं. नागूकाकाचा चेहराही आता मला आठवत नाही."

कमळजेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुम्ही त्याला वाचवायला उठला होतात," ती म्हणाली. "कडी मी घातली. आणि बाळराजे, मी खोटं बोलले होते. एक दिवस असा गेला नाही, की मला तो आठवला नाही."

दिवस मावळताना तिचा कडेलोट झाला. राजाने खिडकी लावून घेतली, पण या वेळी त्याला गोष्ट सांगायला कोणी नव्हते. त्याने सगळे ऐकले.

दुसऱ्या दिवशी तो ताटावर बसला. नव्या बाईने घास खाल्ला आणि वाटी पाण्यात सोडली. ती बाई भिऊन अंग चोरून बसली होती. राजाने बोट पुढे केले आणि वाटी धरून ठेवली. भात निवला. वाढपी ताटकळत उभे राहिले. राजाने वाटी सोडलीच नाही.

तात्पर्य: लहान मुलाचे मन पहिल्यांदा त्याला टोचू लागते, तेव्हा मायेपोटी ती टोचणी काढून टाकू नये. कुणी सांगावे, पुढे कधीतरी आपला जीव तिच्यावरच अवलंबून असेल.