कानांत कापूस

एका तालुक्याच्या गावी बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. पेटीचा एखादा स्वर केसभर उतरला असला, तरी तो त्यांना रस्त्याने जाता जाता कळे. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्या हाताखाली वामन नावाचा शिष्य सहा वर्षे शिकत होता आणि गुरूचा कान त्याने पुरेपूर घेतला होता. त्याबरोबर थोडा अभिमानही आला होता, तो येतोच.

वामनच्या आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकेकाळी भजनी मंडळात पुढे बसून गाणारी ती बाई आता दिवसभर खाटेवर भिंतीकडे पाहत पडून असे. डॉक्टर म्हणाले, "आवडीचं काही ऐकवत जा. मन जागं राहील." घरात मोबाइल एकच, तो वामनबरोबर कामावर जाई. तेव्हा त्याने ठरवले, आईसाठी गाण्यांचा छोटासा प्लेअर घ्यायचा. ऐपत बेताची, एकदा घेतला की दुसरा घेणे व्हायचे नव्हते. तिथूनच त्याच्या जिवाला घोर लागला.

एका प्लेअरचा खालचा स्वर त्याला पोकळ वाटे, दुसऱ्यात बारीक खरखर ऐकू येई. तिसऱ्याची बॅटरी दुपारीच मान टाकते, असे कोणी सांगे. तो दुकानात उभा राही, इअरफोन कानाला लावी, घामाघूम होई आणि रिकाम्या हाताने परते. दुकानदार त्याला लांबून पाहूनच हात जोडू लागले. घास तोंडात असतानाही त्याला एकच भीती छळे, चुकीचा घेतला तर? असे अकरा दिवस गेले. अकरा दिवस आई भिंतीकडेच पाहत होती.

बाराव्या दिवशी एका दुकानदाराने कंटाळून दोन प्लेअर त्याच्या हाती ठेवले. "संध्याकाळपर्यंत ठेव, पण काय ते एक नक्की कर बाबा!" वामन तडक अण्णांकडे आला.

"अण्णा, माझं डोकंच चालेनासं झालंय. हा काचेच्या पडद्याचा, बोट टेकवलं की चालणारा, आवाज अगदी स्वच्छ. आणि हा ठोकळा, याची बॅटरी दोन दिवस चालते, पण खर्ज फाटतो. तुमच्या कानांनीच काय तो निवाडा करा."

अण्णांनी हातातली कानस खाली ठेवली. कापसाचे दोन बोळे केले आणि स्वतःच्या दोन्ही कानांत घट्ट कोंबले. वामन बघतच राहिला. ज्या कानांसाठी लोक तीन जिल्ह्यांतून पेट्या घेऊन येत, ते त्यांनी चक्क बंद केले होते! मग उजवा हात पाठीखाली दाबून अण्णा बाकावर आडवे झाले आणि म्हणाले, "गाणं लाव, आणि एकेक माझ्या छातीवर ठेव."

आधी काचेचा प्लेअर ठेवला. अण्णा डाव्या अंगठ्याने तो बंद करू लागले. अंगठा घसरला, आवाज वाढला. पुन्हा घसरला, दुसरेच गाणे लागले. शेवटी प्लेअर निसटून खालच्या पोत्यावर पडला आणि तिथेही वाजतच राहिला. मग ठोकळा ठेवला. अण्णांनी जाड बटण एकदाच दाबले. गाणे थांबले.

अण्णांनी कापूस काढला. "हा घे."

"पण अण्णा, याचा खर्ज..."

"फाटतो. तू म्हणतोस म्हणजे फाटतच असणार. ऐकला असता तर मीसुद्धा त्या काचेवरच भाळलो असतो, म्हणून तर कापूस घातला. अरे, तू सकाळी तिला गाणं लावून इथे येणार. दुपारी तिचं डोकं दुखलं, तर थांबव असं ती कुणाला सांगणार? कितीही गोड असू दे, जे आपल्याला थांबवता येत नाही त्याचा जाचच होतो. तिला गाणं द्यायचंय ना? मग ते बंद करणंही तिच्याच हातात दे."

वामनची मान खाली गेली. अकरा दिवसांत त्याने शंभर प्रश्न विचारले होते. आईचा अंगठा कुठवर पोचतो, हे मात्र एकदाही पाहिले नव्हते.

संध्याकाळी त्याने ठोकळा आईच्या डाव्या हातात दिला आणि तिचा अंगठा बटणावर टेकवला. अंगठा दाबला गेला. गवळण सुरू झाली. आता आई हसेल, आता तिचे डोळे भरून येतील, म्हणून वामन तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. आईने चार ओळी ऐकल्या आणि बटण पुन्हा दाबले.

नाही आवडले? शेवटी खर्जच नडला? वामनने घाईघाईने प्लेअरकडे हात नेला. आईने प्लेअर चादरीवर सोडला, त्याचे मनगट धरले आणि त्याला खाटेवर खाली ओढले. गाणे दिवसभर ऐकता आले असते. मुलगा आत्ता घरी आला होता.

वामन बसला. कितीतरी दिवसांनी आईने काही सांगितले होते, आणि ते त्याला ऐकू आले.