पातेल्याचा निवाडा

फार पूर्वी, भांडी बोलत होती तेव्हा, एका घरी तीन वेगवेगळ्या बागांतून हिरव्या चहाच्या तीन पुड्या आल्या. कडू असेल ती फेकायची, हे पातेल्याने ठरवायचं होतं. त्याने नेहमीच्या चहासारखी दोन पुड्यांची पानं खळखळ उकळली. दोन्ही कडूजहर निघाल्या आणि केरात गेल्या.

"तिसरीही टाका काका, उगाच खोळंबा!" गाळणी म्हणाली.

"मला नका हो टाकू," तिसरी रडवेली झाली.

पातेलं गोंधळलं. बागा वेगळ्या, मग चव एकच कशी? नवं पाणी तापलं होतं, तरी ते चुलीवरून उतरून विचार करत बसलं. पाणी जरा निवल्यावर त्याने तिसरीची पानं त्यात सोडली. ती हळूच उघडली.

"अगं, तू तर गोड आहेस!"

"त्या दोघीही गोडच होत्या, काका."