मला का नाही?

आठ घरं. अंगण एक. चूल एक. पाण्याचा पाट एक. भाजीचे वाफे शेजारी शेजारी. आणि सालांचा खड्डाही एकच.

इथे सगळं पाळीने. आज तू, उद्या मी.

खड्ड्यात राहायचं पिटुकलं गांडूळ. आज कलिंगड कापलं होतं. साल टाकायची पाळी हणमंतकाकांची.

काका विसरले! साल टाकलं शेळीपुढे.

धप्प!

"माझं साल! शेळीला! मला का नाही?" गांडूळ जळफळलं. निघालं.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"शेळी गं शेळी, साल सोड. पोट माझं भरेना!"

शेळीने सालावर पाय ठेवला.

"नाही जा! गाईला हिरवं हिरवं गवत. मला का नाही? आधी गवत, मग साल!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"गवता रे गवता, वर ये. शेळी साल सोडेना, पोट माझं भरेना!"

"नाही जा! पाटाचं पाणी सगळं केळीला. मला का नाही? आधी पाणी, मग पाती!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

रखमाआक्का भांडी घासत होती. घासर घासर!

"आक्का गं आक्का, पाट वळव. गवत वर येईना, शेळी साल सोडेना, पोट माझं भरेना!"

आक्काने नाक मुरडलं.

"नाही जा! शेजारच्या शेवंताच्या वेलाला हातभर दोडके. माझ्या वेलाला बोटभर! मला का नाही? आधी दोडके, मग पाट!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"वेला रे वेला, दोडके दे. आक्का पाट वळवेना, गवत वर येईना, शेळी साल सोडेना, पोट माझं भरेना!"

"नाही जा! शेवंताच्या वेलाला मऊ मऊ माती. मला का नाही? आधी मऊ माती, मग दोडके!"

सुळुक सुळुक. दमलं बिचारं. सुळुक.

"माती गं माती, मऊ हो. वेल दोडके देईना, आक्का पाट वळवेना, गवत वर येईना, शेळी साल सोडेना, पोट माझं भरेना!"

माती फुरंगटली.

"नाही जा! शेवंताच्या मातीत गांडुळंच गांडुळं. माझ्यात एकही नाही! मला का नाही?"

गांडूळ थांबलं.

शेपूट बघितलं. डोकं बघितलं.

"अगं वेडे! गांडूळ तर मीच!"

आणि शिरलं की मातीत!

सुळुक खाली. सुळुक वर.

माती झाली मऊ मऊ.

वेलाला आले दोडके. लांबच लांब!

आक्का हसली. चिखलाचा गोळा लावला, पाट वळवला. खळखळ खळखळ!

गवत आलं वर. लसलस लसलस!

शेळीने गवत खाल्लं. कुरुम कुरुम! पाय उचलला.

साल सुटलं!

पण ते तर कुजलं होतं. काळं काळं, मऊ मऊ. ईईई!

ई काय? गांडुळाला तस्संच आवडतं!

मच मच मच. पोट भरलं टम्म.

शेळीने मान वर केली. "मला का नाही?"

नाही गं शेळे! आज पाळी गांडुळाची.