डोलीच्या नोंदीतली रेघ

पाथरवट डोलीतून घसरला, तेव्हा मी त्या उतारावर नव्हते. ग्रंथपाल आणि नोंदी करणाऱ्या बाई यांचे बोलणेही मी माझ्या कानांनी ऐकलेले नाही. पण ते काय बोलले, याविषयी गावात दोन मते नाहीत, म्हणून सांगते.

एका डोंगरगावात एक ग्रंथालय होते. गावात दुकान नव्हते, म्हणून ग्रंथालयातून पुस्तकांबरोबर वस्तूही घरी नेता येत: शिडी, पाळणा, लग्नकार्याची पातेली, विहिरीत पडलेली कळशी काढायचा गळ, आणि आजाऱ्याला खालच्या गावी वैद्याकडे न्यायची डोली. कल्पना उत्तम होती. ती राबवणाऱ्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

नोंदपत्रे पुस्तकांसाठी छापलेली होती. त्यांत चार रकाने: नाव, कर्ता, विषय, पाने. डोली आली तेव्हा नोंदी करणाऱ्या बाईंनी ती चारी बाजूंनी तपासली, स्वतः तिच्यात बसून पाहिले, आणि पानांच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिले: 'खुर्ची एक, दांडे दोन, बसणाऱ्याला बांधायचा चामडी पट्टा एक. पट्ट्याशिवाय देऊ नये.'

ग्रंथपालाने ते नोंदपत्र दोन बोटांत धरून उचलले.

"बाई, पानांच्या रकान्यात पट्टा? उद्या पातेल्याची प्रस्तावना लिहाल!"

"मग कुठे लिहू, गुरुजी? दुसरा रकानाच नाही."

"रकाना नाही, म्हणजे गरज नाही. पाने नसतील तिथे रेघ मारायची. पुढच्या महिन्यात राजधानीहून तपासनीस येणार आहेत. सगळी सूची एका वळणाची दिसली पाहिजे."

बाईंनी नोंदपत्र तसेच पुन्हा ग्रंथपालापुढे ठेवले. ते परत आले. पुन्हा ठेवले, पुन्हा परत आले. चौथ्या वेळी त्यांनी जुने फाडून नवे लिहिले: 'डोली, एक.' पानांच्या रकान्यात रेघ. पट्टा आपल्या लक्षात आहेच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तपासनीस आले, रेघांवरून बोट फिरवून खूश झाले, ग्रंथपालाला शाल पांघरवून निघून गेले. वस्तूंची खोली त्यांनी उघडायलाही सांगितली नाही.

त्यानंतर डोली अकरा घरी जाऊन आली. परत आलेली वस्तू नोंदपत्राशी ताडून घ्यायची, अशी रीत होती, आणि ती काटेकोरपणे पाळली जाई. नोंदीत डोली एक, समोर डोली एक, जमा. या अकरांपैकी कोणाच्या तरी घरी पट्टा राहिला आणि रीत न मोडता राहिला.

एका सकाळी खाणीत दगड घसरून पाथरवटाच्या पायाचे हाड मोडले. त्याची बायको धावत ग्रंथालयात आली. डोली बाहेर काढताच तिने खुर्चीच्या मागे हात घालून पाहिले.

"अहो ताई, हिचा पट्टा कुठाय? सासूबाईंना नेलं तेव्हा होता की!"

बाईंनी ग्रंथपालाकडे पाहिले. ग्रंथपालाने नोंदपत्राकडे पाहिले.

"नोंदीप्रमाणे वस्तू पूर्ण आहे."

"नोंद बसणार आहे का डोलीत? माणूस बसणारे! त्यांना धरून काय ठेवू, तुमचा कागद?"

"न्यायची तर न्या, बाई. रांगेत माणसं उभी आहेत."

नोंदी करणाऱ्या बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या वेळी 'पट्टा होता, मी पाहिला आहे, जरा थांबा, दोर आणते' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. मागच्या खोलीत दोर होता. त्यांनी सहीसाठी पुस्तक पुढे केले.

पाथरवटाच्या बायकोने लुगड्याचा पदर फाडून नवऱ्याला खुर्चीशी बांधले. दोन दिरांनी डोली उचलली. तिसऱ्या वळणावर उतार उभा आहे. तिथे पदराची गाठ सुटली आणि पाथरवट मोडक्या पायावरच खडकावर आदळला. खालच्या गावच्या हाडवैद्याने पाय पाहिला आणि मान हलवली.

"घरून निघाला तेव्हाचा पाय मी जोडला असता. हा जुळायचा नाही."

पाथरवट जगला. खाणीत मात्र तो पुन्हा उतरला नाही.

आठ दिवसांनी त्याची बायको डोली परत घेऊन आली. ग्रंथपालाने नोंदपत्र काढले, डोली पाहिली आणि तो म्हणाला, "एक. जमा."

"जमा? आणि त्यांचा पाय?"

"हे पाहा, पट्टा आमच्या नोंदीत नाही. जो नव्हताच, तो हरवेल कसा?"

तेव्हा कुठे नोंदी करणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. "पट्टा होता. मी लिहिला होता, गुरुजी. तुम्ही काढायला लावलात आणि मी काढला."

"पुरावा?"

"मीच फाडला."

पाथरवटाची बायको त्यांच्याकडे वळली. ग्रंथपालावर ती ओरडली होती. बाईंशी मात्र आवाज न चढवता बोलली.

"त्यानं नुसता कागद पाहिला, ताई. तुम्ही पट्टा पाहिला होतात. त्या दिवशी तोंड का नाही उघडलंत?"

 

ग्रंथपालाने तक्रारीची दखल घेतली, हेही नमूद करायला हवे. त्याने त्याच दिवशी नवे नोंदपत्र करवून घेतले. त्यात त्याने स्वतःच्या हाताने भर घातली: 'या वस्तूस पट्टा नाही.'

या कथेचे तात्पर्य लहान मुलालाही कळेल असे आहे: दुसऱ्याच्या हाती वस्तू देताना तिच्यात काय काय आहे आणि काय कमी आहे, ते सांगायलाच हवे. आणि उणीव ठाऊक असूनही, लिहायला रकाना नाही म्हणून जो गप्प बसतो, त्याचा अपराध न पाहणाऱ्यापेक्षा मोठा असतो.

त्या ग्रंथालयात रेघ मारलेल्या आणखी एकशे एकोणचाळीस वस्तू आहेत. त्यांतल्या किती अपुऱ्या आहेत, ते अजून कोणी पाहिलेले नाही.