खाडीत न परतलेली मुशी

पूर्वी अपरान्ताच्या किनाऱ्यावर वेलाकेतू राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका कोळीवाड्यात जन्मला आणि पुढे त्या वाडीचा प्रमुख झाला.

तिथल्या खाडीच्या उथळ तोंडाशी उन्हाळ्यात मुशी नावाचे लांबट मोठे मासे आणि चपटे पाकट मासे पिल्ले घालायला येत. बाळंतिणीला दूध यावे म्हणून तिला मुशीचे कालवण देण्याची वाडीत रीत होती. पोटुशी मुशी जड असते, सहज जाळ्यात येते. बांगड्यासारखी तीही भाराभर अंडी घालत असेल, मग एक गेल्याने काय उणे, अशी सगळ्यांची सोयीची समजूत होती.

बोधिसत्त्वाची मुलगी नंदिका बाळंत झाली, पण तिला दूध येईना. पुतण्या बाहुकाने मायेने मुशी आणली आणि अंगणातच चिरली. पोटात मोजकीच पिल्ले होती, नाळेने आईला जोडलेली, अजून वळवळणारी. बोधिसत्त्वाने ती ओंजळीत घेऊन पाण्यात सोडली, पण त्यांचे दिवस भरले नव्हते. ती जगली नाहीत.

दारातून हे पाहणारी नंदिका म्हणाली, "बाबा, माझ्याच्यानं हे खाववणार नाय."

बोधिसत्त्वाने तिला तीळ आणि पेज दिली. दूध उशिरा आले, पण आले. मग त्याने वाडी जमवली. "पिल्लं घालायच्या दिवसांत खाडीच्या तोंडाला जाळं नको. आयाच मारल्या तर मागे कोण राहील?"

"काका, तुमच्या लेकीचं भागलं," बाहुक म्हणाला. "आमच्या बाळंतिणींनी काय करायचं?"

"प्रत्येकीच्या दारात तीळ मी आणून देईन."

त्याने शब्द पाळला. लोकांनी तीळ घेतले, आणि मुशी मारणेही सोडले नाही. जाळे बंद ठेवण्याचा त्याचा आग्रह नकोसा होऊन थोड्याच दिवसांत त्याला बाजूला सारून त्यांनी बाहुकाला प्रमुख केले.

वर्षे गेली. आधी पाकट दिसेनासे झाले, मग मुश्या. बाहुकाची धाकटी लेक बाळंत झाली तेव्हा तो उन्हाळाभर जाळे लावून गुडघाभर पाण्यात उभा राहिला. एकही मुशी आली नाही. शेवटी तो बोधिसत्त्वाच्या दारी आला. "काका, चुकलं माझं. पोर उपाशी रडतंय."

बोधिसत्त्वाने तीळ फडक्यात बांधले आणि तो बाहुकासोबत निघाला. काही दिवसांनी मुलीला दूध आले. बाहुकाने खाडीवरचे जाळे स्वतःच्या हाताने काढले आणि विचारले, "आता येतील ना त्या?"

बोधिसत्त्वाने जाळ्याचे दुसरे टोक धरले आणि दोघांनी ते काठावर ओढले.

एवढे सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, समोर बसलेल्या भिक्षू सुदर्भाकडे पाहिले. "तेव्हाचा बाहुक तू होतास. नंदिका ही भिक्षुणी चारुमती. वाडीचा तो प्रमुख मीच."

"आणि ती मुशी?" सुदर्भाने विचारले.

शास्ता म्हणाला, "आज इथे बसलेल्यांत ती कुणीच नाही. त्या खाडीत तिचा वंशच उरला नाही. त्या जन्मी मी करुणा पाळली, पण ती एकट्याची पुरली नाही. ती सगळ्या वाडीने पाळायची होती."