खंजिराचा काळा गंज

जपानमधल्या एका डोंगराळ गावात क्योबेई नावाचा सोनार राहत होता. तलवारींच्या आणि खंजिरांच्या मुठी, म्याने सजवण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. हे त्यालाही माहीत होते, आणि तो ते रोज सर्वांना सांगत असे.

एकदा तिथल्या सरदाराने आपल्या घराण्याचा जुना खंजीर त्याच्याकडे पाठवला. सरदाराच्या मुलीचे लग्न होते. खंजीर तिला द्यायचा होता, म्हणून नवा साज हवा होता.

क्योबेईने तीन महिने जीव ओतून काम केले. म्यानावर काळ्या लाखेचे थरावर थर चढवले. मुठीवर पाकट माशाचे खरखरीत कातडे बसवले, वर रेशमी दोरी गुंडाळली. दोरीच्या वेढ्यांतून सोन्याचे दोन सारस डोकावत होते. तांदळाच्या दाण्याएवढे त्यांचे पंख, पण त्यांतले पीस न् पीस मोजता येत होते.

पाते मुठीत बसवायची वेळ आली, तेव्हा क्योबेईचे लक्ष पात्याच्या मागच्या टोकाकडे गेले. मुठीच्या आत दडणारा तो भाग गंजून काळा पडला होता.

क्योबेईने सुनेला हाक मारली. "तोमे, हे घासून आरशासारखं कर."

तोमे तलवारी घडवणाऱ्या लोहारांच्या घरातून आली होती. ती म्हणाली, "मामंजी, हा गंज घासायचा नसतो. पात्याचं वय त्यावरूनच ओळखतात."

"चाळीस वर्षं मी काय गवत कापलं? सरदाराकडे गंजकं लोखंड पाठवू?"

"तुम्ही चाळीस वर्षं सोनं घडवलंत. हे लोखंड आहे."

क्योबेई लालबुंद झाला. "या घरात तुझ्या माहेरचं शहाणपण चालणार नाही! घासायचं नसेल तर बोचकं बांध."

तोमेचा नवरा खाली मान घालून कानस शोधू लागला. कानस त्याच्या हातातच होती.

तोमेने खरोखरच बोचके बांधून दाराशी ठेवले. मग म्हणाली, "मी जाईन. पण आधी सरदारांना विचारा. त्यांनी घास म्हटलं, तर मी स्वतः घासून माहेरची वाट धरीन."

"चल, तुझी हौस एकदाची फिटू दे," क्योबेई म्हणाला.

पाते गंजासकट मुठीत बसवून दोघे खंजीर घेऊन सरदाराच्या वाड्यावर गेले. "एक विचारायचं होतं," म्हणत क्योबेईने खंजीर पुढे ठेवला. सारस पाहून सरदार हरखून गेला. मग त्याने हलकेच मुठीतली बांबूची खुंटी काढली, पाते बाहेर घेतले आणि त्याचे काळे टोक उजेडात धरले. गंजाखाली, ते पाते घडवणाऱ्या लोहाराचे नाव कोरलेले होते.

"हा गंज माझ्या आजोबांनी पाहिला, त्यांच्या आजोबांनीही पाहिला," तो म्हणाला. "सोनं कितीदा तरी बदललं. खंजीर तोच आहे, हे मला यावरूनच कळतं. हे टोक चकचकीत होऊन आलं असतं, तर मी विचारलं असतं, माझा खंजीर कुठे आहे? क्योबेई, तुम्ही काही विचारणार होतात ना?"

'काही नाही' असे म्हणून क्योबेई सुटू शकला असता.

पण तो खाली वाकला. "महाराज, मी हा गंज घासायला निघालो होतो. सुनेने अडवलं, तर तिला घराबाहेर काढत होतो."

सरदाराने पाते पुन्हा मुठीत बसवले. मग म्हणाला, "यापुढे या घरचं प्रत्येक पातं तुमच्याकडेच येईल. पण ते आधी सूनबाईंच्या हाती द्या."

घरी आल्यावर क्योबेईने दाराशी ठेवलेले बोचके स्वतः उचलून आत नेले.

"हे बोचकं सोड," तो पुटपुटला. "आणि पुढचं पातं आलं, की कशाला हात लावायचा नाही ते मला आधी सांग."

"सांगीन," तोमे म्हणाली, "पण पहिल्या खेपेलाच ऐकायचं."

तात्पर्य: जे खरोखर जुने आणि अस्सल आहे, त्याला चकाकीची गरज नसते. आणि मोठ्यांची चूक मुकाट्याने पार पाडण्यापेक्षा ती वेळीच तोंडावर सांगणे, हाच त्यांचा खरा मान होय.